उपदाढांचे कॅनल : रचनेतील विविधता आणि उपचार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

उपदाढेचे रूट कॅनल करून घेणारे रुग्ण आणि ते करणारे नवे दंतवैद्य, असे दोन्हीकडून येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न कोणालाही समजतील असे असून पुढचे हळूहळू अवघड होत जातात. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथील क्रमांक दिला आहे.

१. उपदाढ म्हणजे नेमका कोणता दात? कागदावर त्याचा क्रमांक १४ किंवा ३५ असा का लिहिलेला असतो?

सुळा आणि मोठी दाढ यांच्या मधले दोन दात म्हणजे उपदाढा. प्रत्येक जबड्यात उजवीकडे दोन आणि डावीकडे दोन, अशा एकूण आठ उपदाढा असतात आणि त्या साधारणपणे १० ते १२ वर्षे वयाच्या दरम्यान दुधाच्या दाढांच्या जागी येतात. क्रमांकातील पहिला अंक तोंडाचा चौथा भाग सांगतो (वर उजवा १, वर डावा २, खाली डावा ३, खाली उजवा ४) आणि दुसरा अंक मध्यरेषेपासून तो दात कितवा आहे हे सांगतो. म्हणून १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ आणि ३५ म्हणजे खालची डावी दुसरी उपदाढ.

२. दाताला एकच मूळ आहे असे एक्स-रेमध्ये दिसले, तरी डॉक्टर दोन कॅनल आहेत असे कसे सांगतात?

मूळ म्हणजे हाडात रुतलेला दाताचा भाग आणि कॅनल म्हणजे त्या मुळाच्या आतून जाणारी, रक्तवाहिन्या व मज्जातंतू वाहणारी पोकळी. तिच्यातल्या या मऊ भागाला आपण बोलताना ‘नस’ म्हणतो. बाहेरून एकच दिसणाऱ्या मुळात दोन पोकळ्या असू शकतात. उपदाढेचे मूळ समोरून पाहिले तर अरुंद दिसते, पण गालाकडून जिभेकडे किंवा टाळूकडे ते चांगलेच रुंद असते. नेहमीचा एक्स-रे गालाच्या बाजूने घेतला जात असल्यामुळे ही रुंदी चित्रात येतच नाही आणि गालाकडचा व आतल्या बाजूचा असे दोन कॅनल एकामागे एक झाकले जातात. मूळ जितके चपटे आणि त्यावरची खाच जितकी खोल, तितकी आत दोन कॅनल असण्याची शक्यता अधिक.

३. कोणत्या उपदाढेत किती कॅनल असतात?

फ्रँक वर्टुची यांनी १९७० आणि १९८०च्या दशकांत काढलेले दात पारदर्शक करून, त्यांत रंग भरून केलेला अभ्यास आजही या प्रश्नासाठी आधारभूत मानला जातो. वरच्या पहिल्या उपदाढेत मुळाच्या टोकाशी ६९ टक्के दातांत दोन, २६ टक्के दातांत एक आणि ५ टक्के दातांत तीन कॅनल आढळले. वरच्या दुसऱ्या उपदाढेत टोकाशी एक कॅनल असलेले दात ७५ टक्के, दोन असलेले २४ टक्के आणि तीन असलेले १ टक्का होते. खालच्या पहिल्या उपदाढेत ७४ टक्के दातांत एक, २५.५ टक्के दातांत दोन आणि ०.५ टक्के दातांत तीन कॅनल होते. खालच्या दुसऱ्या उपदाढेत मात्र ९७.५ टक्के दातांत एकच कॅनल सापडला.

हे आकडे ‘टोकाशी किती’ हे सांगतात, ‘वाटेत किती’ हे नव्हे, आणि या एका शब्दाकडे दुर्लक्ष झाल्याने फार चुका होतात. वरच्या दुसऱ्या उपदाढेत टोकाशी एकच कॅनल असलेले ७५ टक्के दात असले, तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कॅनल असलेले दात फक्त ४८ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक दातांत कोठे ना कोठे दुसरा कॅनल होता. त्यामुळे हा दात ‘एका कॅनलचा’ समजून उघडणे मला योग्य वाटत नाही.

४. रिपोर्टमध्ये ‘वर्टुची प्रकार ५’ असे लिहिले आहे. हे प्रकार म्हणजे काय?

कॅनल वरून खाली जाताना किती वेळा दुभंगतो आणि किती वेळा एकत्र येतो, यावरून हे आठ प्रकार पाडले आहेत. पहिल्या प्रकारात एकच कॅनल टोकापर्यंत जातो. दुसऱ्यात दोन कॅनल निघून एकत्र येतात. तिसऱ्यात एकाचे दोन होऊन पुन्हा एक होतो. चौथ्यात दोन कॅनल शेवटपर्यंत वेगळे राहतात आणि पाचव्यात एक कॅनल निघून टोकाआधी दुभंगतो. सहाव्यात दोनांचा एक आणि पुन्हा दोन, सातव्यात एक-दोन-एक-दोन आणि आठव्यात तीन वेगळे कॅनल अशी रचना असते. वर्टुची यांच्या पाहणीत हे आठही प्रकार दाखवणारा दात एकच होता आणि तो म्हणजे वरची दुसरी उपदाढ.

२०१७ मध्ये अहमद आणि सहकाऱ्यांनी नवी लेखनपद्धत सुचवली. तीत दाताचा क्रमांक, मुळांची संख्या आणि प्रत्येक मुळातील कॅनलचा प्रवास एकाच चिन्हात मांडला जातो. वर्टुचींच्या प्रकारांत मुळांची संख्या कळत नाही, ही उणीव त्यामुळे भरून निघते.

५. माझ्या एका बाजूच्या उपदाढेत जास्तीचा कॅनल निघाला. दुसऱ्या बाजूलाही असेल का? हे आनुवंशिक असते का?

दोन्ही बाजूंची रचना अनेकदा सारखी असते, त्यामुळे एका बाजूला वेगळेपण सापडले की दुसऱ्या बाजूच्या दाताकडेही त्याच नजरेने पाहावे. तसे असेलच, अशी खात्री मात्र देता येत नाही. वंशपरत्वे फरक पडतो हे निश्चित आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खालच्या पहिल्या उपदाढेत एकापेक्षा अधिक कॅनल असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ३२.८ टक्के आणि गौरवर्णीय रुग्णांत १३.७ टक्के आढळले होते. टर्नर सिंड्रोम असलेल्या स्त्रियांत खालच्या उपदाढांना एकाहून अधिक मुळे असण्याचे प्रमाण वाढलेले असते. एका लोकसमूहातील टक्केवारी दुसऱ्या समूहातील रुग्णाला लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

६. साध्या एक्स-रेवरून जास्तीचा कॅनल ओळखता येतो का?

पुष्कळदा येतो, पण त्यासाठी एक्स-रे नीट वाचावा लागतो. दाताच्या वरच्या भागात ठळक काळी रेघ दिसणारा कॅनल मध्येच अचानक पुसट किंवा नाहीसा झाला, तर तो बंद झाला असे न मानता त्या ठिकाणी दुभंगला आहे असे प्रथम गृहीत धरावे. कॅनलमध्ये फाइल (कॅनल साफ करण्याची बारीक सुई) ठेवून घेतलेल्या एक्स-रेमध्ये ती मुळाच्या मध्यावर न दिसता एका बाजूला सरकलेली दिसली, तर उरलेल्या बाजूला दुसरा कॅनल असण्याची दाट शक्यता असते. मुळाच्या कडेची रेघ एका बाजूला दुहेरी दिसणे हीसुद्धा खूण आहे. मुळाच्या मध्यापाशी त्याची रुंदी दाताच्या मुकुटाइतकी (हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागाइतकी) किंवा त्याहून जास्त दिसली, तर वरच्या उपदाढेत तीन मुळांचा संशय घ्यावा.

एक सरळ आणि एक सुमारे २० अंश बाजूला सरकवून असे किमान दोन एक्स-रे घ्यावेत. एक्स-रेची नळी ज्या दिशेला सरकवली, त्याच दिशेला जिभेकडची वस्तू सरकलेली दिसते आणि गालाकडची वस्तू उलट दिशेला जाते. या नियमाने कोणता कॅनल कोणता, हे ठरवता येते.

७. मग सरळ सीबीसीटी स्कॅनच का करू नये?

सीबीसीटी म्हणजे दाताचे त्रिमितीय चित्र देणारा स्कॅन. मुळाचा आडवा छेद त्यात दिसत असल्याने प्रश्न २ मधली अडचण नाहीशी होते. तरीही अमेरिकेतील रूट कॅनल तज्ज्ञांच्या आणि मुखकिरणशास्त्रज्ञांच्या संघटनांनी २०१५ मध्ये अद्ययावत केलेल्या संयुक्त निवेदनानुसार तो सरसकट सर्वांसाठी नाही. साध्या एक्स-रेने प्रश्न सुटत नसेल, जास्तीच्या कॅनलचा सबळ संशय असेल किंवा पूर्वी केलेले रूट कॅनल अयशस्वी ठरले असेल, तेव्हा लहान क्षेत्राचा स्कॅन घ्यावा. आधीच भरलेला दात असल्यास गुट्टा-पर्चा (कॅनलमध्ये भरायचा रबरासारखा पदार्थ) आणि धातू यांच्या सावल्या चित्र बिघडवतात, हेही ध्यानात असावे.

८. रूट कॅनल पूर्ण झाले, तरी दात थंड पाण्याने झिणझिणतो. असे कसे होऊ शकते?

सर्व कॅनल साफ झालेल्या दाताला थंडीची जाणीव राहत नाही. त्यामुळे ही तक्रार आली की आधी शेजारच्या दाताची तपासणी करावी आणि तो निर्दोष निघाल्यास राहून गेलेल्या कॅनलमध्ये जिवंत नस उरली आहे असा संशय घ्यावा. नस आधीच मेलेली असेल तर मात्र झिणझिण्या येत नाहीत. अशा वेळी महिने किंवा वर्षे शांत राहून मग चावताना दुखणे, हिरडीवर पुटकुळी येणे किंवा मुळाच्या टोकाशी हाड झिजल्याची काळी छाया दिसणे, अशी लक्षणे पुढे येतात. ती छाया टोकाच्या एकाच बाजूला झुकलेली असेल, तर कोणत्या बाजूचा कॅनल राहिला याचा अंदाज करता येतो. पुढे काय करायचे याचे उत्तर प्रश्न १५ मध्ये आहे.

९. खालच्या पहिल्या उपदाढेला सर्वांत फसवी का म्हणतात?

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बहुचर्चित पाहणीत रूट कॅनल अयशस्वी होण्याचे प्रमाण सर्व दातांत या दाताचे सर्वाधिक, म्हणजे ११.४५ टक्के होते. त्याचे मुख्य कारण प्रश्न ४ मधला पाचवा प्रकार होय. वर्टुची यांच्या पाहणीत या दातांपैकी २४ टक्के दात त्या प्रकारचे होते. येथे वरून एकच रुंद तोंड दिसते, फाइल सहज आत उतरते आणि सारे काही व्यवस्थित वाटते. प्रत्यक्षात मुळाच्या मधल्या किंवा खालच्या तिसऱ्या भागात जिभेकडचा फाटा मुख्य कॅनलपासून जवळजवळ काटकोनात निघतो आणि सरळ जाणाऱ्या फाइलला तो स्पर्शही होत नाही. दाताचा मुकुट मुळाच्या तुलनेत जिभेकडे कललेला असल्यामुळे फाइल आपोआप गालाकडे ढकलली जाते, आणि फाटा असतो तो नेमका विरुद्ध बाजूला.

तो शोधण्यासाठी उपचाराकरिता दातात वरून केलेले छिद्र जिभेच्या दिशेने वाढवावे लागते. ते वाढवले नाही, तर पुढची सारी कौशल्ये वाया जातात. त्यानंतर ८ किंवा १० क्रमांकाच्या फाइलच्या शेवटच्या १ ते २ मिलिमीटर भागाला चांगलाच वाक द्यावा. वाक कोणत्या दिशेला आहे हे रबराच्या थांब्यावरील खुणेवरून ध्यानात ठेवावे आणि फाइल जिभेकडच्या भिंतीला टेकवून हळूहळू खाली सरकवावी. एका जागी ती अडकल्यासारखी होऊन आत शिरते, तेच फाट्याचे तोंड. ते सापडले की वरचा भाग पुरेसा मोकळा करून फाट्याकडे जाणारी वाट शक्य तितकी सरळ करावी. इतक्या तीव्र वळणावर फिरणारी फाइल तुटण्याचा धोका मोठा असल्याने सुरुवातीचे काम हातानेच करणे मी योग्य मानतो.

भरतानाही काळजी लागते. एक फाटा भरत असताना दुसऱ्यात गुट्टा-पर्चाचा कोन (शंकूच्या आकाराची काडी) किंवा प्लगर (भरणी दाबण्याचे हत्यार) ठेवला नाही, तर पहिल्याचे गुट्टा-पर्चा आणि सीलर (फटी बुजवणारा लेप) दुसऱ्याचे तोंड बुजवतात आणि इतक्या कष्टाने सापडलेला कॅनल पुन्हा हातचा जातो.

१०. वरच्या पहिल्या उपदाढेत तीन कॅनल असल्यास उपचारात काय बदलते?

अशा दातात बहुधा गालाकडे दोन आणि टाळूकडे एक कॅनल असतो. म्हणजे तो मोठ्या वरच्या दाढेचीच लहान आवृत्ती असतो. नेहमीचे छिद्र गालाकडून टाळूकडे लांबट अंडाकृती असते, ते येथे गालाच्या बाजूला रुंद करून इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे करावे लागते. गालाकडची दोन्ही तोंडे एकमेकांच्या फार जवळ, कधी एकाच खाचेच्या दोन टोकांना असतात. पोकळीच्या तळावरील गडद रेषांचा माग काढत जाणे आणि मायक्रोस्कोपखाली अल्ट्रासॉनिक टोकाने थोडे थोडे कोरणे, हाच सुरक्षित मार्ग आहे. या दोन मुळांच्या भिंती पातळ असल्याने कॅनल फार मोठे करू नयेत.

११. दोन कॅनल सापडले. ते पुढे एकत्र येतात की वेगळेच राहतात, हे कसे कळणार?

तळावर दोन तोंडांमधले अंतर ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते एकत्र येण्याची शक्यता जास्त असते. खात्रीसाठी एका कॅनलमध्ये गुट्टा-पर्चाचा कोन ठेवून दुसऱ्यात फाइल सरकवावी आणि कोन बाहेर काढून पाहावा. त्यावर ओरखडा उमटला असेल, तर कॅनल त्या खोलीवर मिळतात. अशा दातात टोकाकडे सरळ जाणारा कॅनल सहसा टाळूकडचा किंवा जिभेकडचा असतो, म्हणून तो पूर्ण लांबीपर्यंत तयार करावा आणि दुसरा संगमापर्यंतच. दोन्ही टोकापर्यंत रुंद केले, तर संगमाखालचा भाग विनाकारण पोखरला जातो. दोन कॅनलना जोडणाऱ्या अरुंद पट्टीत फाइल पोहोचतच नाही. तेथील सफाई सोडियम हायपोक्लोराइट आणि १७ टक्के ईडीटीए या द्रवांनी धुण्यावर आणि ते द्रव अल्ट्रासॉनिकने हलवण्यावर अवलंबून असते.

१२. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा कॅनल उपदाढेतही असतो का?

असतो, आणि तो बहुतेक वेळा खालच्या पहिल्या उपदाढेत, मुळाच्या बाहेरून खोल उभी खाच असताना आढळतो. खाचेच्या ठिकाणी भिंत अतिशय पातळ असते. तेथे फाइल जोराने फिरवली तर मूळ भोसकले जाते. त्यामुळे खाचेच्या विरुद्ध बाजूला दाब ठेवून काम करावे आणि गरम, मऊ केलेल्या गुट्टा-पर्चाने भरावे, कारण एकट्या कोनाने असा वाकडा आकार भरत नाही.

१३. माझ्या मुलाच्या खालच्या उपदाढेच्या मधोमध एक बारीक टोक आहे. दात किडलेला नाही, तरी हिरडीवर पू आला. हे काय आहे?

या टोकाला डेन्स इव्हॅजिनेटस म्हणतात. ते प्रामुख्याने उपदाढांत, त्यातही खालच्या उपदाढांत आणि पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत अधिक आढळते. त्या टोकाच्या आतपर्यंत नसेची बारीक शाखा गेलेली असू शकते. वरचा दात त्यावर आपटून टोक झिजले किंवा तुटले की जंतू आत शिरतात आणि कीड नसतानाही नस मरते. दात नुकताच आलेला असल्यामुळे त्याचे मूळ अजून अपुरे आणि टोक उघडे असते, म्हणून नेहमीचे रूट कॅनल येथे जमत नाही.

यावर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे उघड्या टोकाशी एमटीए या सिमेंटसारख्या पदार्थाचा बूच बसवून कॅनल भरणे. तिने संसर्ग थांबतो, पण मूळ वाढत नाही. दुसरी म्हणजे कॅनल जंतुमुक्त करून त्यात रक्त उतरू देणे आणि त्या आधारावर नव्या ऊतींना वाढू देणे. २००१ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, या पद्धतीला चालना देणाऱ्या दोन्ही रुग्णनोंदी खालच्या दुसऱ्या उपदाढेच्याच होत्या. पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, टोक दिसताच, म्हणजे ते तुटण्यापूर्वी, दाखवायला या. तेव्हा त्याभोवती पातळ कंपोझिटचा (दाताच्या रंगाच्या भरणीचा) आधार देऊन दात वाचवणे अगदी सोपे असते. टोक एकदम घासून टाकण्याचा आग्रह मात्र धरू नका.

१४. खालच्या उपदाढेच्या टोकाशी काळी गोल छाया आहे, पण दात दुखत नाही. रूट कॅनल करावेच लागेल का?

लगेच नाही. खालच्या उपदाढांच्या टोकांजवळ हनुवटीच्या मज्जातंतूचे नैसर्गिक छिद्र असते आणि एक्स-रेमध्ये ते हुबेहूब गळवासारखे दिसते. थंडीच्या आणि विजेच्या चाचणीला दात योग्य प्रतिसाद देत असेल आणि कोन बदलून घेतलेल्या एक्स-रेमध्ये छाया टोकापासून दूर सरकत असेल, तर ते छिद्रच आहे. याच मज्जातंतूमुळे येथे उपचार करताना औषध किंवा सीलर टोकाबाहेर जाऊ न देणे फार महत्त्वाचे ठरते. तसे झाल्यास ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते. वरच्या उपदाढांची, विशेषतः दुसरीची, टोके वरच्या जबड्याच्या हाडातील सायनसजवळ (हवेच्या पोकळीजवळ) असतात, म्हणून तेथेही हीच दक्षता लागते.

१५. राहून गेलेला कॅनल सापडला. पुन्हा रूट कॅनल करावे की शस्त्रक्रिया?

कॅनलपर्यंत वरून पोहोचता येत असेल, तर पुन्हा रूट कॅनल करणे आधी. शस्त्रक्रियेत मुळाचे शेवटचे ३ मिलिमीटर कापून तेथे भरणी केली जाते. त्या तुकड्यात टोकाकडील बारीक फाट्यांपैकी सुमारे ९८ टक्के फाटे येतात. परंतु वरच्या भागातील न साफ केलेला कॅनल जंतूंसह तसाच राहतो. मोठा पोस्ट (दाताला आधार म्हणून कॅनलमध्ये बसवलेला खिळा) काढताना मूळ तडकण्याची भीती असेल किंवा चांगला पुनरुपचार करूनही जखम भरत नसेल, तेव्हा शस्त्रक्रिया योग्य ठरते. खालच्या उपदाढेत ती करताना प्रश्न १४ मधला मज्जातंतू आधी सीबीसीटीवर नेमका पाहून घ्यावा.

१६. सर्व कॅनल नीट भरले, कॅपही बसवली, तरी एकाच जागी हिरडी खोल गेली आहे. आणखी एखादा कॅनल राहिला असेल का?

असू शकतो, पण उपदाढेत अशा वेळी मुळाच्या उभ्या चिरेचा विचार आधी करावा. वरच्या उपदाढांत ही चीर वारंवार आढळते, कारण मूळ चपटे आणि भिंती पातळ असतात. वरच्या पहिल्या उपदाढेच्या गालाकडच्या मुळाला टाळूच्या बाजूने खाच असते, जी एक्स-रेमध्ये दिसत नाही. त्या मुळात जाड पोस्ट बसवला तर दात कमकुवत होतो, म्हणून गरज पडलीच तर पोस्ट टाळूकडच्या मुळात बसवावा. हिरडीचा खिसा रुंद असेल तर तो हिरडीच्या आजाराचा असण्याची शक्यता अधिक, तर एकाच ठिकाणी अरुंद आणि खोल असेल तर चिरेचा. मुळाच्या एका बाजूने वर चढत जाणारी, इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी छाया त्या संशयाला बळ देते. निश्चित निदान हिरडी उघडून, मायक्रोस्कोपखाली चीर प्रत्यक्ष पाहूनच होते. उभी चीर सिद्ध झाली, तर एकाच मुळाची उपदाढ काढावी लागते आणि जास्तीचा कॅनल शोधण्यात रुग्णाचा वेळ घालवू नये.